पान्हा, काटा आणि पुडी : वाचकांचे प्रश्न

माणसानं माणसाशी कसं वागायचं, कोणावर भरवसा ठेवायचा, कुठे भांडायचं, हे शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, ठरवतात का? या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. पत्रांची बोली तशीच ठेवली आहे.

माही म्हैस फक्त घरवालीच्या हातानं दूध देते. मी बसलो का पान्हा चोरते. शेजारी म्हणते, इंजेक्शन टोच, काम झालं. अन् मोबाइलवर वाचलं का तेच इंजेक्शन म्हंजे प्रेमाचं हार्मोन. हे नेमकं काय हाय? (मोर्शी तालुका)

दोन्ही ठिकाणी गोष्ट एकाच रसायनाची आहे : ऑक्सिटोसिन. नऊ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तिथे ती तयार होते आणि पीयूष ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात उतरते. या ग्रंथीच्या अर्कानं मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं, हे हेन्री डेल यांनी १९०६ साली पाहिलं. विन्सेंट दु व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

आता तुमच्या गोठ्यात येऊ. गाईच्या कासेतलं सुमारे २० टक्के दूध खालच्या पोकळीत आधीच उतरलेलं असतं, म्हशीत ते जेमतेम ५ टक्के. बाकीचं वर बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं. ऑक्सिटोसिन रक्तातून कासेत पोचलं की त्या पिशव्यांभोवतीच्या स्नायूपेशी आवळतात आणि दूध खाली येतं. गाईला यासाठी बहुधा मिनिटभरही लागत नाही, म्हशीला दोन मिनिटं किंवा त्याहून जास्त लागतात. तेवढ्यात अनोळखी हात, काठी, कुत्रं किंवा चढा आवाज आला तर ॲड्रेनालिन, म्हणजे घाबरल्यावर येणारं संप्रेरक, सुटतं. भीतीनं मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटणंही अडतं आणि ॲड्रेनालिन कासेतला रक्तपुरवठाही आखडतं. म्हणजे म्हैस काही ‘चोरत’ नाही. तिच्या मेंदूनं समोरचा माणूस ओळखीचा की परका हे ठरवलं, आणि कास त्याप्रमाणे वागली.

उपाय हळूहळू करायचा आहे. पहिले आठ दिवस धार घरच्या बाईंनीच काढावी. तुम्ही फक्त ढेप टाका आणि कासेजवळ बसा. पुढचे आठ दिवस कास तुम्ही धुवा : कोमट पाणी, अर्धा ते एक मिनिट, सडांना हलकी मालिश. मग सुरुवातीच्या धारा त्यांनी काढाव्यात, पुढच्या तुम्ही. वेळ, जागा आणि बसायची बाजू बदलू नका. सड फुगून ताठ झाले की पान्हा आला. तिथून पाच-सात मिनिटांत धार संपवा, कारण रक्तातलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच विरतं. पान्हा यायच्या आधी सड ओढत बसाल तर दुखतं, आणि दुसऱ्या दिवशी ती तुम्हाला पाहूनच आखडते.

इंजेक्शनचं म्हणाल, तर रोज टोचून घेणाऱ्या म्हशीला त्याची सवय लागते. मग सुईशिवाय पान्हाच येत नाही. हे औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. ते दूध प्यायल्यानं मुली लवकर वयात येतात, अशी भीती मात्र धरू नका. ही साखळी पोटात इतर प्रथिनांसारखीच पचून जाते. नुकसान होतं ते म्हशीचं.

जाता जाता शेळ्या-मेंढ्यांबद्दल. ‘हे पिल्लू माझं’ हे व्यालेली मेंढी पहिल्या एक-दोन तासांतच वासावरून ठरवते. प्रसूतीच्या वेळी मेंदूत सुटलेलं ऑक्सिटोसिन ती खिडकी उघडतं. शेळीला तर व्याल्यावरचा पाच मिनिटांचा सहवासही पुरतो, हे १९६४ च्या प्रयोगात दिसलं. पोरकं पिल्लू दुसरीखाली लावायचं असेल तर ती विण्याची वाट पाहा. तिच्याच गर्भजलानं पिल्लू डोक्यापासून शेपटीपर्यंत माखा, आणि ते तिच्या स्वतःच्या पिल्लासोबत तिच्या तोंडापुढे ठेवा. दुसऱ्या दिवशी नेलंत तर ती बहुधा शिंग मारेल.

घरी सोयरिकीचं बोलणं चालू हाय. नाकात मारायचा ऑक्सिटोसिनचा फवारा ऑनलाइन भेटते, त्यानं समोरचा भरवसा ठेवते म्हणतात. खरं हाय काय? (गोंदिया जिल्हा)

ज्या प्रयोगावरून ही जाहिरातबाजी सुरू झाली तो २००५ साली झुरिचमध्ये झाला. खेळ असा : प्रत्येकाकडे १२ गुण. त्यातले ०, ४, ८ किंवा १२ गुण अनोळखी माणसाकडे पाठवायचे. पाठवलेले तिप्पट होऊन पोचतात, आणि त्यातले परत किती द्यायचे हे त्या माणसाच्या मनावर. पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांना नाकातून २४ युनिट ऑक्सिटोसिन दिलं, निम्म्यांना साधा फवारा. औषध घेतलेल्या २९ पैकी १३ जणांनी सगळेच्या सगळे १२ गुण पाठवले. साध्या फवाऱ्याच्या २९ पैकी तसं करणारे ६ होते. समोर माणूस नसून नुसती सोडत असेल तेव्हा मात्र काही फरक पडला नाही.

इथे एक गोष्ट नीट पाहा. भरवसा वाढला तो फवारा घेणाऱ्याचा. परत देणाऱ्यांनी औषध घेतल्यावर जास्त गुण काही परत केले नाहीत. म्हणजे सोयरिकीच्या बैठकीत तुम्ही फवारा मारून बसलात तर भोळे तुम्ही व्हाल, समोरचे नाही!

आणि हा परिणामही पक्का नाही. २०२० मध्ये याच खेळाचा कितीतरी जास्त माणसं घेऊन फेरप्रयोग झाला, त्यात मुख्य फरक दिसलाच नाही. नाकातल्या फवाऱ्यातून मेंदूत नेमकं किती पोचतं हाही वादाचा मुद्दा आहे. ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचं’ म्हणण्यात आणखी एक अडचण आहे. नेदरलँड्समध्ये २०१० साली झालेल्या प्रयोगांत ते घेतलेले लोक आपल्या गटासाठी जास्त झिजले, आणि परका गट धोक्याचा वाटला तेव्हा आपल्यांच्या बचावासाठी त्याच्याशी सहकार्य नाकारू लागले. परक्यावरचं प्रेम काही वाढलं नाही. रेडकाला चाटणारी म्हैस गोठ्यात शिरलेल्या कुत्र्यावर धावून जाते, तसंच हे.

जन्मभर जोडीनं राहणाऱ्या प्रेअरी व्होल नावाच्या अमेरिकी उंदरांच्या जोडीचं श्रेय बरीच वर्षं ऑक्सिटोसिनला दिलं जात होतं. २०२३ मध्ये पेशींवरचे ऑक्सिटोसिन टिपणारे ग्राहकच (रिसेप्टर) नसलेले असे उंदीर तयार केले, तर तेही जोडी बांधून राहिले. एका रसायनावर एवढा मोठा बोजा टाकू नये, असं आमचं मत. पैसे खर्च करायचेच असतील तर मुलीच्या गावी दोनदा जाऊन या.

जिनिंगवर गाडी नेली का मायं डोकं काम करत नाही. ‘कापूस ओला हाय’ म्हणून व्यापारी दहा जणांसमोर ओरडते, अन् मी तो सांगीन त्या भावात देऊन येतो. घरी आल्यावर पस्तावा. हे काहून होते? (राळेगाव तालुका)

ताण मोजण्याची एक नामांकित चाचणी आहे, १९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर इथे बसवलेली. निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण करायचं, मग पाच मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचं, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. अशा अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर कळलं की कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सर्वांत जास्त दोन गोष्टी एकत्र आल्यावर चढतं : लोक आपल्याला जोखत आहेत, आणि आपल्या हातात काही नाही. जिनिंगच्या काट्यावर दोन्ही असतात. तुम्ही दुबळे नाही, परीक्षाच तशी आहे.

शरीरातलं घड्याळ असं चालतं. ओरडणं कानावर पडताच काही सेकंदांत ॲड्रेनालिन येतं. ते रक्तातून मिनिटांत ओसरतं. मेंदूचा निरोप हायपोथॅलॅमस, पीयूष ग्रंथी, मूत्रपिंडावरची ग्रंथी असा खाली जातो आणि कॉर्टिसोल येतं. ते वादाच्या सुरुवातीपासून २० ते ३० मिनिटांनी शिखरावर असतं आणि अर्धं ओसरायला ६० ते ९० मिनिटं घेतं. म्हणजे दहाला खटका उडाला तर साडेदहाला, ‘आता मी शांत झालो’ असं वाटतं त्याच वेळी, ते सर्वांत जास्त असतं. बारापर्यंत बरंचसं उतरतं, मध्ये वसुलीवाल्याचा फोन आला नाही तर. आला की घड्याळ पुन्हा सुरू. या काळात कपाळामागचा, तोलून-मापून पाहणारा मेंदूचा भाग मागे पडतो आणि सवय पुढे येते. म्हणून दरवर्षी ज्याला देता त्यालाच, तो म्हणेल त्या भावात, कापूस जातो.

एक गंमत म्हणा किंवा दुर्दैव : २०१२ च्या एका जर्मन प्रयोगात ताण दिलेले पुरुष समोरच्यावर उलट जास्त भरवसा ठेवताना दिसले. मित्रासमोर हे चांगलंच. काट्यावर नाही.

करायचं ते आदल्या संध्याकाळी करा. वहीत दोन आकडे लिहा. एक, याखाली गाडी परत. दोन, हा मिळाला तर घासाघीस न करता माल उतरवायचा. आधार म्हणून हमीभाव घ्या : २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला साधारण एक टक्का कपात. लांब धाग्याच्या कापसात १० टक्के ओलावा निघाला तर सुमारे १६२ रुपये कमी, म्हणजे ७,९४८. हा हिशेब खिशात असला की ‘ओला हाय’ ही शिवी राहत नाही, १६२ रुपयांची गोष्ट होते. ओलावा मीटरनं मोजायला लावा, गाडीच्या वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणचा. पहाटे वेचलेला, दवाचा कापूस दुपारच्या कापसात मिसळू नका. मीटर तेवढाच भाग पकडतो आणि भाव सगळ्याचा पडतो.

सोबत असा माणूस न्या ज्याचं त्या व्यापाऱ्याशी देणंघेणं नाही, आणि आकडा त्यालाच बोलू द्या. तो जोखला जात नसतो, त्यामुळे त्याचं कॉर्टिसोल जाग्यावर असतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गाडी परत आणायचं भाडं बाजूला ठेवा. ते खिशात नसेल तर निर्णय घरून निघतानाच झालेला असतो, वही काही कामाची नाही. त्यापेक्षा आधी एका चुंगडीत नमुना नेऊन दोन ठिकाणी भाव विचारावा.

सगळं संप्रेरकांवर ढकलूही नये. तामिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी उसाचे पैसे येण्याआधी विचाराच्या चाचण्यांत कमी पडत होता, पैसे आल्यावर सुधारत होता. नुसत्या ताणानं तो फरक पुरता उलगडत नव्हता. पैशाची चणचणच मेंदूची जागा अडवून बसते. म्हणून शक्य असेल तर हप्त्याच्या तारखेच्या दिवशी गाडी नेऊ नका.

गोऱ्हा खच्ची केला का गरीब होते. मंग माणसातले झगडेही त्याच हार्मोनचे ना? आमच्याकडचे पोट्टे कबड्डीसाठी ‘पॉवर’चे इंजेक्शन घेऊन फिरतात. (तळेगाव दशासर परिसर)

अर्धं बरोबर. आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी १८४९ साली गटिंगेनमध्ये सहा कोवळे कोंबडे घेतले. वृषण काढलेल्यांचे तुरे वाढले नाहीत, ते आरवले नाहीत, भांडले नाहीत. ज्यांच्या पोटात वृषण परत बसवले ते पुरते कोंबडे झाले. नसांची जोडणी तुटलेली होती, म्हणजे निरोप रक्तातून जात होता. पुढे त्या पदार्थाला टेस्टोस्टेरॉन नाव मिळालं.

पण बैलाचंच पाहा. वयात यायच्या आधी खच्ची केलेला गोऱ्हा गरीब निघतो. दोन-तीन वर्षं मारकेपणा करून मग खच्ची केलेल्याचं टेस्टोस्टेरॉन लगेच पडतं, सवय मात्र बरीच राहते. दगडानं ठेचण्याची जुनी रीत पूर्ण सोडा. पशुवैद्यकाकडून बधिर करून चिमटा लावून घ्या. दोन्ही बाजूंच्या नसा वेगवेगळ्या, वर-खाली उंचीवर दाबतात. एका रेषेत दाबल्या तर पिशवीच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटून ती सडते. त्यानंतरही काही आठवडे त्याला गाईंपासून दूर ठेवा, आधीचं बीज शिल्लक असतं.

माणसात गोष्ट आणखी वळण घेते. २०१० साली १२१ स्त्रियांवर प्रयोग झाला. अर्ध्या मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचा थेंब जिभेखाली, मग पैसे वाटण्याचा खेळ : मी वाटा सुचवणार, समोरच्यानं नाकारला तर दोघांनाही शून्य. टेस्टोस्टेरॉन मिळालेल्यांनी जास्त न्याय्य वाटे सुचवले. ज्यांना आपल्याला ते मिळालं असं नुसतं वाटत होतं, त्या मात्र जास्त अन्यायानं वागल्या. बदनामीनं जे केलं ते औषधानं केलं नाही. संशोधकांची मांडणी अशी की हे संप्रेरक भांडण वाढवत नाही, मानाची ओढ वाढवतं. त्या खेळात मान नकार न मिळण्यात होता. जिथे मान कॉलर पकडण्यात मिळतो तिथे कॉलर पकडली जाईल, आणि जिथे पंगतीला पाच पोती तांदूळ देण्यात मिळतो तिथे तांदूळ येतील. फिलिपिन्समधल्या ६२४ तरुणांच्या २०११ च्या अभ्यासात बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन बरंच उतरलं, आणि रोज तीन तास किंवा जास्त लेकरू सांभाळणाऱ्यांचं सर्वांत कमी होतं. वागणुकीनं संप्रेरक बदलतं, हा उलटा रस्ताही चालू असतो.

त्या पोट्ट्यांना एवढंच सांगा : बाहेरून टोचलं की पीयूष ग्रंथी वृषणांना निरोप पाठवणं थांबवते. वृषण आकसतात, शुक्राणू घटतात. बंद केल्यावर भरून यायला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त.

बचत गटात कर्जाचा ठराव असला की सासू म्हणते, पाळीच्या दिवसांत सही करू नको. (देवळी तालुका)

करा. पाळीच्या चक्रानं निर्णय घेण्याची क्षमता घसरते, असं अभ्यासांत सातत्यानं दिसत नाही. शंभरातल्या तीन ते आठ बायकांना पाळीआधीच्या आठवड्यात खरोखर तीव्र चिडचिड आणि उदासी येते. त्यांच्या संप्रेरकांचं प्रमाण सहसा नेहमीसारखंच असतं, मेंदू चढउताराला जास्त संवेदनशील असतो. तसं वाटत असेल तर सलग दोन पाळ्या रोज एक ओळ लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. रक्त तपासून हे कळत नाही.

दोन गोष्टी इचारतो. आई गुडघ्यासाठी एकाकडून पांढरी पुडी घेते. दुखणं गेलं, पण झोप नाही, बडबड, उगाच सर्वांशी झगडा. अन् बाबाले कंपवाताच्या गोळ्या चालू झाल्यापासून वरली-मटका लागला. सारी उमर त्यांनी पत्ता हाती धरला नव्हता. (चिमूर तालुका)

दोन्हींची उत्तरं बहुधा औषधातच आहेत.

बिननावाच्या पुडीनं दोन दिवसांत सांधा मोकळा झाला तर तिच्यात स्टेरॉइड असल्याचा दाट संशय घ्यावा, म्हणजे कॉर्टिसोलची जोरकस भावंडं. पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं असतं, त्यामुळे चिमूटभरातही मोठा डोस बसतो. १९७२ च्या बोस्टनच्या पाहणीत रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांत १.३ टक्के, ४१ ते ८० घेणाऱ्यांत ४.६ टक्के आणि ८० च्या वर १८.४ टक्के रुग्णांत मनावर गंभीर परिणाम दिसले. चेहरा गोल होणं, भूक वाढणं, कातडीवर सहज काळेनिळे डाग पडणं याकडे पाहा. पुडी एका झटक्यात बंद करू नका. तीन आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर शरीराची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते. अचानक सोडली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, जीवावर बेतू शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा, किती दिवस आणि रोज किती ते सांगा, साखर व रक्तदाब तपासून घ्या. डोस उतरवणं डॉक्टर ठरवतील.

बाबांचं पाहू. कंपवातात मेंदूतलं डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होतात. डोपामिन ‘अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं’ हा निरोप मेंदूत देतं. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा गोळ्या डोपामिनच्या ग्राहकांना सतत चालू ठेवतात. मग हरल्यावर जो खट्टूपणा यायला हवा तो नीट पोचत नाही, आणि पुढचा आकडा मात्र खुणावत राहतो. सुमारे ३,००० रुग्णांच्या एका पाहणीत अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना जुगार, अतिखरेदी, अतिखाणं किंवा लैंगिक अनावरपणा यांपैकी काहीतरी लागलेलं आढळलं. न घेणाऱ्यांत ते ७ टक्क्यांच्या आसपास होतं. त्यांना नाव ठेवण्यात अर्थ नाही.

गोळी स्वतःहून बंद करू नका, अंग जखडेल आणि मन ढासळेल. मेंदूविकार तज्ज्ञांना ‘जुगार’ हा शब्द उच्चारून सांगा. रुग्ण लाजेनं सांगत नाहीत आणि डॉक्टर प्रत्येक वेळी विचारत नाहीत. डोस कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर बहुतेकांचं हे वेड काही आठवडे-महिन्यांत ओसरतं. तोवर खात्यावर दोघांच्या सह्या ठेवा, मोबाइलवरून पैसे पाठवायची रोजची मर्यादा बँकेत जाऊन कमी करून घ्या, सातबारा घराबाहेर जाऊ देऊ नका. ताण असह्य झाला तर तुमच्यासाठीही १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आणि ते खाजकुयलीच्या बियांची पूड घेत असतील तर तेही सांगा. त्या बियांत साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं ते द्रव्य, असतं. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्यांवर हा आणखी एक डोस चढतो, आणि तो चिठ्ठीवर कुठेच नसतो.